दौलतभाऊंची हीटरवाली गाडी

वैशाखात आमच्या सावली गावच्या बाजारपेठेत दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. कापड दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, कूलरच्या तोंडाशी बसायचं आणि गिऱ्हाईक आलंच तर ते चुकून आलं असं समजायचं, हा माझा त्या महिन्यातला धंदा. अशाच एका दुपारी शटरखालून एक माणूस वाकून आत आला. डोक्याचा दुपट्टा सोडत म्हणाला, "दुकानदार, कानटोपी हाये का? लोकरीची. कान पुरे झाकले पायजे."

मला वाटलं, याला ऊन लागलं. मी त्याला बसवलं, माठातलं पाणी दिलं, नाकाशी धरायला कांदा मिळतो का म्हणून शेजारी आवाज दिला. तो माणूस पाणी प्याला, कूलरकडे पाहून त्यानं खांदे आकसले आणि म्हणाला, "हे जरा बंद करता का? मले गारठा बसून राह्यला."

हे दौलतभाऊ. माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहतात. त्या दिवशी मी त्यांना माळ्यावरून दिवाळीतली उरलेली कानटोपी काढून दिली, ती त्यांनी तिथंच चढवली आणि उन्हात निघून गेले. मी मात्र कूलर पुन्हा लावला. तेव्हापासून ते मला दुकानदार म्हणतात. मला आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, ते त्यांना ठाऊकही आहे, पण त्याचा त्यांच्यावर काही परिणाम नाही.

त्यांची सारी हयात गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात गेली, तीही भट्टीवर. भट्टी म्हणजे आडवा निजवलेला, स्वतःभोवती फिरणारा लोखंडी बोगदा. आत चुनखडी भाजत असते. त्याच्या तोंडाशी उभं राहून, डोळ्यांना निळी काच लावून जाळाचा रंग पाहायचा आणि आच वाढवायची की कमी करायची ते सांगायचं, हे दौलतभाऊंचं काम. निवृत्त होऊन गावी आले आणि आमच्या उन्हाळ्यात त्यांना हुडहुडी भरायला लागली. चैत्रात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, वैशाखात कानटोपी, आणि जूनमध्ये आभाळ भरून आलं की पायमोजे. बाकीचं गाव उघड्या अंगानं ओसरीत पडलेलं असताना हा माणूस उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत बसे.

जगातल्या सगळ्या गोष्टी ते एकाच मापानं मोजतात. ते माप म्हणजे आच. हॉटेलात चहा आला की ग्लासाला हाताची उलटी बाजू लावून पाहतात. "आच मेली हाय याची," म्हणून परत पाठवतात. कोण्या पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले तर म्हणतात, "नुसता धूर. आच नाई." पुतणीला पाहायला मुलगा आला होता. शिकलेला, नोकरीतला, गोरागोमटा. सगळे खूष. दौलतभाऊंनी निरोप घेताना त्याचा हात हातात घेतला, जरा वेळ धरून ठेवला आणि घरात येऊन सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पन आच कमी हाय." लग्न झालं. संसार चांगला चालला आहे. पण त्या जावयाला गल्लीत अजून सगळे थंडा जावई म्हणतात, आणि त्याला बिचाऱ्याला त्याचं कारण माहीत नाही.

एका फाल्गुनात त्यांच्या दारासमोर पिवळी गाडी येऊन उभी राहिली. कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेली, मुलांची ने-आण करणारी छोटी बस. दौलतभाऊंनी आतली बाकं उपटून टाकली. एका अंगाला दिवाण बसवला, कोपऱ्यात गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, माझ्या दुकानातले मोठ्या फुलांचे पडदे. बाहेरचा पिवळा रंग तसाच ठेवला. आतली ‘खिडकीबाहेर हात काढू नये’ ही सूचनाही तशीच. पत्र्यावर कोणा कार्ट्यानं खिळ्यानं ‘सोनू गधा आहे’ असं कोरलं होतं, तेही राहू दिलं. म्हणाले, "असू द्या. कोनाचा तरी जीव होता त्यात." गाडी गावातून निघाली की पोट्टे दप्तर घेऊन मागं पळत. रविवारीसुद्धा.

आम्ही सगळ्यांनी या घरगाडीसाठी सल्ले दिले. गावात सल्ल्याला तोटा नाही. कोणी म्हणे पंखा लावा, कोणी म्हणे छतावर वाळ्याचे पडदे टाका, आणि एक जण तर आपला जुना कूलर द्यायलाही तयार झाला. दौलतभाऊ सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि मग खिशातून मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवत. त्यात सगळीकडे बर्फ, मध्ये एक गाडी, आणि गाडीत बनियनवर बसून कॉफी पिणारा एक गोरा माणूस. "पाहा. बनियनवर बसून राह्यला लेकाचा. हे काय हाय माहीत हाय का? डिझेलचा हीटर."

थोड्याच दिवसांत ते खोकं घरी आलं. बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठं. गाडीच्या टाकीतून बारीक नळीनं डिझेल येतं, एक इवलासा पंप टिक टिक करत ते थेंबाथेंबानं आत टाकतो, आत जाळ होतो आणि पंखा गरम हवा गाडीत फेकतो. धूर वेगळ्या नळीनं बाहेर. म्हणजे दौलतभाऊंची जुनी भट्टीच, फक्त मांडीवर मावणारी. ते तिला हात लावत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेल्या आजोबाचं हसू असे. चंद्रपूर जिल्ह्यात हीटर बसवणं म्हणजे वैनगंगेत नेऊन पाणी ओतणं, असं मी तोंडावर म्हणालो. त्यांनी मला पाना धरायला दिला.

त्यांच्या पत्नी कमलबाई ओसरीतून हे पाहत. बारीक चणीच्या, डोळ्यांत सतत काहीतरी मिस्कील. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या लग्नात माह्या बापानं पंखा देल्ला होता. या मानसानं तो अजून लावला नाई. आता भट्टी घरी आनली."

"मग तुम्ही थांबवत का नाही?"

त्या हसल्या आणि आत गेल्या. पान्याशी झटापट करत असलेले दौलतभाऊ गाडीखालूनच म्हणाले, "थे काऊन थांबवन? तिच्यासाठीच तं करून राह्यलो. मंडईले न्याचं हाय तिले."

मग सगळं कळलं. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक. धान कापलेल्या शेतात, बांधीत मंच उभा राहतो, लोक धानाच्या वाळल्या तणसावर घोंगड्या पांघरून बसतात आणि उजाडेपर्यंत नाटक पाहतात. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात. ज्या घरची लेक मंडईला आली नाही, त्या घरात पाहुण्यांच्या गर्दीतही कोणीतरी कमी असल्यासारखं वाटतं. कमलबाईंचं माहेर आरमोरीच्या पुढे, चिचटोला. भाऊ गोपाळ तिथल्या नाट्यमंडळाचा कर्ताधर्ता. आणि कमलबाईंना सिकलसेल.

हा आजार आमच्या भागाला नवा नाही. रक्ताचाच आजार, जन्माबरोबर येतो. थंडी लागली की अंगातलं हाड न् हाड ठणकायला लागतं, आणि मग दवाखान्याशिवाय उपाय नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कमलबाई मंडईला गेल्या, बांधीत रात्रभर बसल्या आणि तिथून थेट दवाखान्यात. त्यानंतर त्यांचा प्रत्येक पौष बंद दारामागे गेला. दर वर्षी गोपाळचा फोन येतो, "बाई, येजो वो." दर वर्षी त्या म्हणतात, "पुढच्या वर्साले पाहू." यंदा दौलतभाऊंनी साळ्याला परस्पर सांगून टाकलं होतं की बाई येते. कमलबाईंना विचारलं नव्हतं. आधी गाडी ऊब धरते की नाही ते पाहायचं, मग विचारायचं, असा त्यांचा बेत होता.

आता हीटर ऊब देतो की नाही हे पाहायला थंडी पाहिजे. आणि महिना वैशाखाचा. दौलतभाऊंनी बटण दाबलं की हीटर दोन मिनिटं गुणगुणायचा, गाडी आधीच तापलेली आहे हे त्याच्या लक्षात यायचं आणि तो मुकाट झोपी जायचा. यंत्राला अक्कल होती, एवढंच मी म्हणेन. आम्ही म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. दौलतभाऊ म्हणाले, "दिवाळीले समजलं का आच पुरत नाई, तं मंग मी काय करू?" आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मूल गावातल्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या घेऊन आले.

बर्फ वितळू नये म्हणून त्यांनी तो आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पोत्यांत, धानाच्या भुशात गुंडाळून आणला होता. राइस मिलच्या गावात भुशाला काय तोटा. लाद्या गाडीत रचल्या, पडदे ओढले, दारं लावली. आत खरोखर गारठा झाला. दौलतभाऊ स्वेटर, कानटोपी, पायमोजे असा पौषाचा सगळा साज करून दिवाणावर बसले. साक्षीदार म्हणून मी. खरं सांगतो, इतक्या सुखाची दुपार मी त्या उन्हाळ्यात पाहिली नव्हती, आणि प्रयोग फसावा, बर्फ तेवढा टिकावा, असं मला मनापासून वाटत होतं.

दौलतभाऊंनी बटण दाबलं. टिक टिक सुरू झाली. जरा वेळानं खालून घरघर आली आणि हवेचं तोंड जागं झालं. पण पोती फाटकी होती, भुसा जमिनीभर सांडला होता, आणि हीटरचा पंखा हवा ओढून घेतो ती जमिनीलगतच. त्यानं भुसा ओढला. ओढला तो गरम केला आणि जोरात माझ्या तोंडावर फेकला. मी दार शोधेपर्यंत नाकात, कानात, शर्टात सगळीकडे भाजका भुसा. बाहेर आलो तेव्हा गल्लीतले सगळे जमलेले. कमलबाई पदर तोंडाला लावून ओसरीच्या खांबाला टेकल्या होत्या. हसून हसून त्यांना उभं राहवेना.

दौलतभाऊ मागून सावकाश उतरले. भुवयांवरचा भुसा झटकला आणि म्हणाले, "आच बरोबर हाय." उरलेला बर्फ गल्लीतल्या पोट्ट्यांनी संपवला. मला आठवडाभर शिंका.

पावसाळा असाच गेला. त्यांनी हीटर उघडून, पुसून, हवेच्या तोंडाला जाळी लावून परत बसवला. धानाला लोंब्या आल्या, मग कापणी सुरू झाली आणि कार्तिकात सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली. इथपर्यंत सगळी गंमत होती.

एका संध्याकाळी दौलतभाऊ गाडीत दारं लावून हीटरची परीक्षा घेत बसले. गाडीच्या तळाला भोक पाडून त्यांनी धुराची नळी खाली सोडली होती. तिचा जोड ढिला झाला, आणि भोकाच्या फटीतून धूर हळूहळू आत भरायला लागला. त्यातलं विष असं की डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. भट्टीच्या जाळाचा रंग ओळखणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता लागला नाही. कमलबाईंनी जेवायला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग त्या स्वतः गेल्या, दार ओढलं, आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. लिंबाच्या झाडाखाली बसून दौलतभाऊंनी पोटातलं सगळं ओकलं. मी धावत गेलो तेव्हा त्यांना स्वतःचं दार ओळखू येत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा वेळ गेला असता तर माणूस झोपेतच गेला असता. घरी आल्यावर कमलबाई पहिल्यांदाच माझ्यासमोर चिडल्या. "काढा थे. मले नाई जाचं मंडईले. मंडई न पाहून जीव गेला का माहा आतापर्यंत?"

दौलतभाऊ खाटेवर पडून होते. ते म्हणाले, "आच बरोबर होती. धूर चुकला."

पुढच्या दिवसांत त्यांनी हीटर काढला, पण फेकला नाही. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून भट्टीला लावायची माती आणली आणि तळाची सगळी भोकं, फटी बुजवून टाकल्या. हीटर गाडीच्या बाहेर, खालच्या अंगाला पेटीत बसवला आणि गरम हवेची नळी तेवढी आत घेतली. धुराची नळी पार मागच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिला दुहेरी पट्टे आवळले. त्या विषारी धुराचा माग लागला की किंचाळणारं एक पांढरं यंत्रही मागवलं आणि दिवाणाच्या उशाशी लावलं. मी म्हटलं, आता काळजी नाही. त्यांनी त्या यंत्राचं बटण दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाले, "याचा भरोसा कोन देईन, दुकानदार? हे चुकलं तं मी कोनाले विचारू?"

त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा तोरा नव्हता. भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस त्या एवढ्याशा खोक्याला भ्यायला लागला होता. स्वतःसाठी नव्हे, हे मला तेव्हा कळलं नाही.

पौष लागला. गोपाळचा फोन आला. कमलबाईंनी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. दौलतभाऊ भिंतीला टेकून, हात जोडल्यासारखे धरून उभे होते. जोडले नव्हते, पण तसेच दिसत होते. कमलबाई फोनमध्ये म्हणाल्या, "येऊन राह्यलो गा आमी." फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पन एक हाय. तुमी गाडीत माह्याजवळ बसाचं. गाडीत एकटीनं बसून नाटक पाहाले मी काय बंदोबस्तावरची पोलीस इन्स्पेक्टर हाव?"

"हो, बसतो न," दौलतभाऊ म्हणाले. फार चटकन म्हणाले.

मीही निघालो. कापडाच्या धंद्याचं निमित्त सांगितलं, पण खरं म्हणजे गोपाळकडे मटणाचा बेत असतो हे मला ठाऊक होतं. पिवळी गाडी वैनगंगेचा पूल ओलांडून, गडचिरोली मागं टाकून, आरमोरीच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या आणि मध्येच तणसाचे ढीग. कमलबाई खिडकीला कपाळ टेकवून बसल्या होत्या. ओळखीचं झाड आलं की त्या सांगत. मग झाडं इतकी ओळखीची झाली की त्या गप्पच बसल्या.

चिचटोल्यात गाडी शिरली तेव्हा पोरांना वाटलं शाळा आली. ती पांगली. मग गोपाळ धावत आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस, पण बहिणीला पाहून त्याला नुसतं "बाई" म्हणता आलं. त्यानं बांधीच्या उंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या रुंद बांधावर, मंचाच्या बरोबर समोर, तणस पसरून गाडीसाठी जागा धरून ठेवली होती. मागं ट्रॅक्टरवर बसलेल्या लोकांनी कुरकूर केली, "हे का आनलं गा? आमाले काई दिसत नाई." गोपाळ त्यांच्याकडे वळून म्हणाला, "माह्यी बहीन आली हाय." कुरकूर थांबली. आमच्याकडे एवढं कारण पुरतं.

अंधार पडायच्या आत दौलतभाऊंनी हीटर लावला. टिक टिक सुरू झाली, गाडी हळूहळू उबली, कमलबाईंनी अंगावरची शाल काढून घडी करून बाजूला ठेवली. पौषाच्या रात्री, बांधीच्या धुऱ्यावर, विनाशालीची कमलबाई. दौलतभाऊंनी तो नजारा दारातून एकदा पाहून घेतला. मग म्हणाले, "मी जरा मानसाईत बसतो. पुढून चांगलं दिसते."

"आन् माह्याजवळ बसाचं कबूल केलं होतं थे?" कमलबाईंनी विचारलं.

"येतो न अंकाअंकाले." दार बाहेरून लावून घेतलं आणि ते अंधारात गेले. काचेमागे कमलबाईंचं तोंड उतरलेलं दिसलं. मला दौलतभाऊंचा रागच आला. एवढा खटाटोप करून आणलं, आणि आता या माणसाला गावच्या गड्यांत सुपारी-तंबाखूचा खर्रा खात बसायचं आहे. मी मनातल्या मनात त्यांना दोन शब्द सुनावले आणि गोपाळच्या माणसांबरोबर घोंगडी पांघरून मंचासमोर जाऊन बसलो. दौलतभाऊ तिथं दिसले नाहीत. नाटक रंगलं, आणि पोटात मटण होतं, त्यामुळे मीही फार शोधलं नाही.

उजाडलं तेव्हा बांधीवर धुकं उतरलं होतं. लोक तणस झटकत उठत होते. मी चहा घेऊन गाडीकडे गेलो. मागच्या कोपऱ्याशी, धुराच्या नळीपासून हातभर अंतरावर दौलतभाऊ उकिडवे बसले होते. घोंगडी नाही, अंगावर तेवढा स्वेटर. शेजारी गावची दोन कुत्री नळीच्या उबेला पसरलेली. मंच गाडीच्या पलीकडच्या अंगाला. त्या जागेवरून त्यांना गाडीच्या पत्र्याशिवाय काही दिसण्याची सोय नव्हती. ओठ निळे पडले होते. प्लॅस्टिकच्या कागदात ते खर्रा घोटत होते, त्या कागदाचा कर्रकर्र आवाज येत होता.

"तुम्ही इथं काय करताय?"

"दोन बुढे येऊन शेकत होते इथी. म्हटलं, बावा, हे शेकोटी नोहे, धूर हाय. हाकललं त्याईले. कुत्रे आयकत नाई."

"दौलतभाऊ, रात्रभर इथंच होतात?"

त्यांनी नळीचा पट्टा चाचपून पाहिला. "आतमंदी ऊब हाय, दुकानदार. मले झोप लागली असती. मी झोपलो आन् हे ढिलं झालं, मंग? त्या दिवशी तिनं मले ओढून काढलं. तिले कोन काढन?"

मी चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हाताची उलटी बाजू न लावताच पिऊन टाकला. मला त्या माणसाची फार माया आली. ज्याला वैशाखात गारठा बसतो तो पौषाची अख्खी रात्र उघड्यावर काढतो, आणि वर ते कोणाला कळू नये म्हणून खोटं बोलतो. मी रात्री मनातल्या मनात सुनावलेले शब्द मुकाट्यानं परत घेतले.

कमलबाईंना सांगायचं नाही, असं मला बजावून ते हातपाय झाडायला तळ्याकडे निघून गेले. कमलबाईंनी दार उघडलं. चेहरा जागरणानं ओढलेला, पण ताजा. हाडं ठणकत नव्हती, दवाखाना नव्हता. त्यांनी पाय खाली टाकून तणसावर ठेवले आणि मला विचारलं, "भाऊजी, रातभर गाडीमांगं कोन होतं वो?"

"कुत्री होती दोन."

"हो न. म्हनूनच म्हटलं, आमच्या गावचे कुत्रे खर्रा कधीपासून घोटाले लागले."

मी रिकामा ग्लास उचलून आणखी चहा आणायला निघालो.

दुपारी आम्ही परत निघालो. गोपाळनं गाडीत तांदळाचं पोतं टाकलं आणि खिडकीशी उभा राहून बहिणीचा हात बराच वेळ धरून ठेवला. मी मागं दिवाणावर आडवा झालो. पुढं दौलतभाऊ गाडी चालवत होते, शेजारी कमलबाई. गाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "पाह्यलं न मंग तुमी नाटक?"

"हो तं. पाह्यलं."

"पुरं?"

"पुरं पाह्यलं. चांगलं होतं. गोपाळनं मंच मजबूत बांधला."

कमलबाई पदर सावरून, जरा त्यांच्याकडे वळून बसल्या आणि म्हणाल्या, "पडदा उघडते तवा एक म्हातारी ओसरीत बसून राह्यते. एकटीच. तिले दोन लेक."

आणि त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. म्हातारी कोण, थोरला घर सोडून का गेला, धाकट्याची बायको कशी बोलते, कोण कोणत्या बाजूनं आलं, कोणाच्या अंगावर कोणत्या रंगाचं लुगडं होतं, लोक कुठं हसले, गाणं कुठं लागलं. ज्यानं नाटकाचा ‘न’ पाहिलेला नाही त्याला सांगावं तसं, एकेक सांगत होत्या. दौलतभाऊ रस्त्यावरची नजर न काढता मान हलवत होते. मी डोळे मिटून घेतले, मला झोप लागली असं त्यांना वाटावं म्हणून.

आरमोरी गेलं. गडचिरोली जवळ आली. थोरला लेक इतक्या वर्षांनी परत येतो आणि दारात उभा राहतो, म्हातारीला दिसत नसतं, ती विचारते कोण आहे, इथवर गोष्ट आली आणि कमलबाई पाणी प्यायला थांबल्या. बराच वेळ त्या पीतच होत्या. समोर रस्ता मोकळा होता, तरी गाडीचा वेग उगीचच कमी झाला.

"मंग?" दौलतभाऊंनी विचारलं.